‘स मोके’ म्हणजे नुसती खिल्ली? छे हो!

फ्रेंच शिकणाऱ्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय: ‘स मोके’ म्हणजे इंग्रजी ‘मॉक’, तो शब्द फ्रेंचांनी इंग्रजीतून उचलला, त्यातला ‘स’ म्हणजे ‘स्वतःला’, आणि अर्थ कायम एकच, खिल्ली उडवणे. चार वाक्यं, चारही गडबडलेली.

उचलाउचलीचं आधी उरकतो. उलटं आहे, इंग्रजीने ‘मॉक’ जुन्या फ्रेंचमधून घेतला.

आता ‘स’. तो स्वतःला लागत असता तर ‘त्यू त मोक द म्वा?’ (‘तू’ आला की ‘स’चा ‘त’ होतो) म्हणजे ‘तू स्वतःची टर उडवतोयस’ झालं असतं, पण हे तर ‘माझी चेष्टा करतोयस का?’ ज्याची टर उडवायची तो ‘द’च्या नंतर येतो, आणि ‘द’ म्हणजे आपल्या ‘ची’सारखं, ‘त्याची थट्टा’. खरंच स्वतःवर हसायचं असेल तर ‘स मोके द स्वा-मेम’ असं वेगळं ‘स्वतःची’ जोडावं लागतं, यातच सगळं आलं ना! (‘स’ वगळून नुसतं ‘मोके’ पण दिसतं, पण ते पुस्तकी नाहीतर बातम्यांतलं, रोजच्या बोलण्यात ‘स’ लागतोच.)

खरी गोची अर्थाची. मी एकदा फ्रेंच कलीगला विचारलं मीटिंग तीनला ठेवू की चारला, ती म्हणाली ‘झ मां मोक’, आणि मी दिवसभर तोंड पाडून बसलो की ही माझी खिल्ली का उडवतेय. ती म्हणत होती, मला काही फरक पडत नाही! थोडं तुटक वाटतं ते, नम्रपणे हवं असेल तर ‘सा मेतेगाल’ म्हणा, पण खिल्ली नव्हती एवढं नक्की. अगदीच भीक घालत नसाल तर ‘पहिल्या सदऱ्याइतकीही पर्वा नाही’ असं याच क्रियापदाने म्हणतात. मित्रांत ‘मला फरक पडत नाही’साठी ‘झ मां फिश’, आणि ‘झ मां फू’ तर शिवराळ, बॉससमोर चुकूनही नको.

मग काहीजण नियम काढतात की माणूस आला तर थट्टा, वस्तू आली तर बेपर्वाई. तेही टिकत नाही, ‘इल स मोक द मोनाक्सां’ म्हणजे तो माझ्या उच्चारांना हसतो, आणि उच्चार काय माणूस आहे का? संदर्भच बघावा लागतो.

बाकी त्यांची एक म्हण मला फार आवडते, ‘हॉस्पिटल धर्मादाय संस्थेला हसतंय’, म्हणजे आपलंच ‘आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून’, आणि तिथे मात्र ‘स मोके’ खरोखर खिल्लीच आहे.