हिप हिप हुर्रे म्हणजे ज्यूंना मारायची घोषणा? काहीही!

आत्यानं फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला, ‘मुलांना हिप हिप हुर्रे म्हणू देऊ नका’ वाला, आणि वर वाढदिवसाला पोरं ओरडली तर त्यांना चक्क गप्प बसवलं. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या गोष्टींच्या नादी कोण लागतंय.

तर म्हणे ‘हिप’ हा लॅटिन ‘हिएरोसोलिमा एस्ट पर्दिता’चा शॉर्टफॉर्म, म्हणजे जेरुसलेमचा नाश झाला, आणि रोमन सैनिक हे ओरडत ज्यूंची कत्तल करायचे. अहो आधी अक्षरं तरी जुळवा! ह्याचं एच-ई-पी होतं, हेप. हिप कुठून काढलं? दोन ओळी खाली तोच फॉरवर्ड म्हणतो घोषणा क्रूसेडवाल्यांची, म्हणजे मध्ययुगात जेरुसलेमसाठी धर्मयुद्धं लढलेल्या युरोपातल्या ख्रिश्चनांची. रोमनांनी जेरुसलेम पाडलं सन ७० मध्ये, क्रूसेडवाल्यांनी ते घेतलं १०९९ मध्ये, मध्ये हजार वर्षं गेली, नक्की कोण ओरडलं ते एकदा ठरवा की. आणि पहिली अक्षरं जोडून शब्द करायची फॅशन इंग्रजीत रुळली विसाव्या शतकात, रडार, नाटो वगैरे. जुन्या शब्दाचा फुलफॉर्म कोणी सांगितला की बहुतेक वेळा ती मागाहून ठोकलेली थापच असते.

एक मात्र कबूल करायला लागेल. १८१९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत वुर्त्सबुर्गला ज्यूंविरुद्ध दंगली झाल्या, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, पार कोपनहेगनपर्यंत पोचल्या, आणि जमाव ‘हेप हेप’ ओरडत होता. हे खरंय, आणि भयंकर आहे. पण ती मुळात बकऱ्या हाकायची आरोळी असावी असं एक मत आहे, लॅटिनचा त्यात काही संबंध नाही.

आणि फॉरवर्ड म्हणतो हुर्रे म्हणजे ‘स्वर्गाकडे’? ऑक्सफर्ड डिक्शनरी उघडा, तो जुन्या ‘हझा’च्या जागी आलेला शब्द, बहुधा त्याचाच बदललेला उच्चार, आणि हझा ही खलाशांची आरोळी असं सतराव्या-अठराव्या शतकातले लोकच लिहून गेलेत.

निघणाऱ्याला इंग्रजीत शुभेच्छा म्हणून ‘गॉडस्पीड’ म्हणतात, त्यावर फॉरवर्डचं ‘गॉडस्पीड म्हणजे देव लवकर उचलो’ हे तर कळसच! जुन्या इंग्रजीत स्पीड म्हणजे यश, भरभराट. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, योहानाच्या दुसऱ्या पत्रात सांगितलंय की खोटी शिकवण देणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याला गॉड स्पीडसुद्धा म्हणू नका. शाप असता तर तो द्यायला मनाई कशाला केली असती?

शेवटी फॉरवर्डचा सल्ला, ‘परकीय शब्द सोडा, आपलं शुद्ध शाब्बास म्हणा’. शाब्बास फारसी आहे हो, ‘शाद बाश’, खूश राहा.