आबांचा फोटो

आज सकाळी केस कापायला गेलो होतो. दुकानात रंगकाम चाललंय. तिथं आरशाच्या वर कायम हिंदकेसरी पैलवान गणपतराव आंदळकरांचा फोटो असायचा. दुकानदाराचे वडील कोल्हापूरकडचे, त्यांनी लावलेला. आज तो खाली काढून शाम्पूच्या खोक्यांना टेकवून ठेवला होता. रंग द्यायचा म्हटल्यावर फोटो उतरणारच, त्याचं काही नाही. पण शेजारच्या खुर्चीत वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता, रोज जिमला जाणारा दिसत होता. त्यानं फोटोकडं बोट केलं आणि दोस्ताला म्हणाला, "हा पैलवान? पोट बघ की त्याचं. ॲब्ज कुठायत?" दोघंही खदाखदा हसले.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पैसे दिले, बाहेर आलो आणि गाडीला किल्ली लावून तसाच उभा राहिलो. आता रात्रीचे अकरा वाजलेत, अजून डोकं शांत नाही. तुम्ही सगळे माझ्यासारखेच, तालमीची माती कपाळाला लावून वाढलेले. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पोट म्हणे! अरे बाबा, ते पोट लोकांना दाखवायला कमावलेलं नव्हतं. पहाटे सगळं गाव झोपेत असताना उठायचं, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती खोऱ्यानं उकरायची, हजारांनी जोर-बैठका काढायच्या, मग एकामागून एक जोडीदार अंगावर घ्यायचे. त्यावर दूध, तूप, बदामाची थंडाई. अशानं जे अंग तयार व्हायचं ते समोरच्यानं सगळा भार मानेवर टाकला तरी खालून उलटून वर यायला. तालमीत मारुती असायचा, आरसा नसायचा.

आंदळकर आबा आमच्या वारणाकाठचे. शिराळा तालुक्यातलं पुनवत त्यांचं गाव. तिथून कोल्हापूरला मोतीबाग तालमीत आले आणि १९६० ला हिंदकेसरी झाले, म्हणजे कुस्तीतला देशाचा मानाचा किताब त्यांनी जिंकला. आदल्या वर्षी, १९५९ ला, दिल्लीत बंतासिंगला हरवून देशाचे पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, तेही कोल्हापूरच्याच मातीत घडलेले. पहिली दोन्ही वर्षं गदा आपल्याकडं आली. आमच्या भागात त्या वेळी पोरगं जन्माला आलं की आधी त्याचे दंड बघायचे, मग नाव ठेवायचे, असं आजी सांगायची.

आणि आमच्या घरात त्या काळाची एकच गोष्ट होती. अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आबांची कुस्ती ठरलेली, समोर पंजाबचा मल्ल. आजोबा सोडणार नाहीत हे ठाऊक होतं, कारण शेणखताच्या गाड्या भरायचं काम चालू होतं. अण्णांनी चुलत्याची सायकल न विचारता उचलली, शेजारच्या बापूंना डबलसीट घेतलं आणि कोल्हापूर गाठलं. चाळीसेक किलोमीटर. वाटेत दोनदा पंक्चर. परत आले ते पहाटे, एका पायात चप्पल नाही. आजोबा काठी घेऊन उंबऱ्यातच बसलेले. दोन काठ्या पाठीत बसल्या. तिसरी उगारली, आणि ती तशीच वर धरून आजोबांनी विचारलं, "आंदळकरानं मारली का?"

"मारली दादा. घुटना डावावर."

काठी खाली आली. आजीनं भाकरी वाढली आणि आजोबा समोर मांडी घालून एकेक डाव विचारत बसले.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, गणती नाही. लग्नाच्या पंगतीत, उसाच्या बांधावर, दवाखान्याच्या बाकावर. सांगताना अण्णा समोरच्याचं मनगट पकडायचे, दुसऱ्या हातानं मान खाली दाबायचे आणि म्हणायचे, "असा ठिवला घुटना. आसा. हाल आता." लहानपणी मला खरंच हलता यायचं नाही.

खासबाग ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं ते गोल प्रेक्षागृह बघितलं आणि तसं मैदान आपल्या कोल्हापूरला हवं हे मनात घेतलं. १९१२ ला खासबाग उभं राहिलं. मधोमध हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, अशी की अगदी शेवटी बसलेल्या गरीब माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागलेली दिसावी. राजानं आपल्या लोकांना काय दिलं असं कुणी विचारलं की मी आधी खासबागेचं नाव घेतो. पंजाबचे मल्ल इथं येऊन राहायचे, लढायचे. पाकिस्तानातून आलेला सादिक पंजाबी इथल्या मातीत लढला आणि इथल्या माणसांनी त्याच्यावरही जीव लावला. आपला-परका हे कुस्ती चालू असेपर्यंत. ती निकाली झाली की दोघांनाही खांद्यावर घेणारी माणसं होती ती.

आता कुणीतरी येऊन लिहीलच, की नूरा कुस्त्याही व्हायच्या, आधीच ठरवून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचे. व्हायच्या. मान्य. आमच्या गावच्या मैदानातही एकदा लोकांनी अशी जोडी ओळखून दोघांना हौद्यातून हाकललं होतं. लोकांना कळायचं, हेच तर मी म्हणतोय.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "मातीत लढून काय मिळालं, पदकं कुठायत?" हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं फिरतं. १९६२ ला जाकार्ताला एशियाड झालं. तिथं आबांनी ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण घेतलं आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोन्ही सर्वांत वरच्या वजनात. ग्रीको-रोमन म्हणजे काय हे त्या जिमवाल्या पोराला कुणीतरी समजावून सांगा. कमरेखाली हात लावायचा नाही. पायाला धरायचं नाही, पायानं डाव मारायचा नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडण्यात, आणि पायाच्या डावांत गेलं, त्याला सांगितलं की तुझी निम्मी कुस्ती बाजूला ठेव आणि उरलेल्या निम्म्यावर लढ. तो निम्म्यावर लढला आणि सोनं घेऊन आला. त्याच एशियाडला कवठेपिरानचे मारुती माने फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य घेऊन आले. एका सांगली जिल्ह्यातले दोन गडी, चार पदकं! १९६४ ला आबा टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

हो, त्यानंतर आपण मॅटवर जायला उशीर केला. हरियाणाची पोरं पुढं गेली आणि आपण मातीच्या आठवणीत रमलो, हेही खरं आहे. पण त्याचा दोष मातीला आणि आबांना देऊ नका. आबा दोन्हीकडं लढून दाखवून गेले होते.

मला विचाराल तर पदकं हा आबांचा निम्माच भाग. उरलेला निम्मा मोतीबागेत आहे. एवढं नाव झालेला माणूस, त्याला हवं ते करता आलं असतं. आबा तालमीत राहिले. वस्ताद झाले. खेड्यातून पत्र्याची पेटी आणि आईनं दिलेला तुपाचा डबा घेऊन आलेल्या पोरांना त्यांनी घडवलं. दादू चौगुले त्यांचेच, १९७० आणि ७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी, पुढं १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. विष्णू जोशीलकर त्यांचेच, १९८५ चे महाराष्ट्र केसरी. नावं झालेले हे एवढे. नाव न झालेले किती असतील! कुणी पोलिसात गेला, कुणी कारखान्यावर वॉचमन झाला, कुणी शेतात राबतोय, पण आजही गावात भांडण लागलं की मध्ये जाऊन उभा राहतो आणि दोन्हीकडचे हात खाली येतात. असा एक तरी माणूस तुमच्या गावात असणार. त्याला विचारा, वस्ताद कोण.

आणि आपण काय केलं? गेल्या जत्रेला आमच्या गावच्या मैदानाचा फ्लेक्स मी मोजून बघितला. सतरा चेहरे. हात जोडलेले, गॉगल लावलेले, मोबाइल कानाला लावलेले. सतरांत एकही पैलवान नाही. अरे कुस्तीचं मैदान आहे ना ते? मग त्या मुलाला कुणी शिकवायचं, आबा कोण ते? त्याच्या बापानं सांगितलं नाही, शाळेनं सांगितलं नाही, आपण फ्लेक्सवर छापलं नाही. दुकानात मला त्या पोराचा राग आला होता. आता लिहिताना तो तेवढा राहिलेला नाही. त्यानं बघितलंच काय आहे? चांगलं कमावलेलं अंग होतं त्याचं, मेहनती असणार. पन्नास-साठ वर्षांपूर्वी असता तर कुठल्यातरी वस्तादानं त्याला मान धरून हौद्यात उतरवला असता.

आणखी एक सांगायचं आहे. हे मी आजवर घरातल्यांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

आबा गेले ते १६ सप्टेंबर २०१८ ला, पुण्यात. गौरी जेवणाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर अण्णांच्या हातात दिला. तेव्हा अण्णा पंचाहत्तरी ओलांडलेले. चष्मा लावून त्यांनी सगळी बातमी वाचली, पेपराची घडी घातली आणि बराच वेळ गौरीकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्या बघितली न्हाई ती कुस्ती."

मला कळेचना. कुठली कुस्ती?

जवळ होते ते पैसे दोन पंक्चरला गेले होते. तिकिटाला उरलेच नाहीत. अण्णा आणि बापू खासबागेच्या बाहेर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आत हलगी वाजत होती, तेवढी ऐकू यायची. मग हलगी थांबली. "एवढी माणसं आत, आन चिडीचूप. लई येळ. मला वाटलं, संपलं. आबा गेला खाली." आणि मग असा आवाज उठला की पाठीमागची भिंत हलल्यासारखी झाली. माणसं बाहेर लोटली, त्या रेट्यात चप्पल गेली. फेटा हातात घेऊन नाचत येणाऱ्या एका म्हाताऱ्याला अण्णांनी धरलं आणि त्याच्याकडून सगळी कुस्ती विचारून घेतली. आधी काय झालं, मग काय, घुटना कुठून ठेवला, पंजाब्यानं कुठला हात टेकवला. मग चाळीस किलोमीटर दोघं ती घोकत आले. घरी दादा विचारणार होते.

मला पहिल्यांदा रागच आला. इतकी वर्षं मान दाबून दाबून मला जी कुस्ती दाखवली ती त्यांनी बघितलेलीच नव्हती! मी उठून आत गेलो. थोड्या वेळानं बाहेर आलो तर अण्णा पेपरातल्या फोटोवरून अंगठा फिरवत होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "हलगी थांबल्यावर किती वेळ गेला असेल?" ते म्हणाले, "आजून आठवलं की छाती धडधडती बघ."

अण्णा २०२१ ला गेले.

आज संध्याकाळी दुकानदाराला फोन केला. म्हटलं, रंग झाल्यावर फोटो परत लावणार ना? तो म्हणाला, "नाही हो काका, तिथं टीव्ही बसवतोय. तुम्हाला पाहिजे असला तर घेऊन जा." तसाच उठलो आणि घेऊन आलो. आता समोर टेबलावर आहे. काचेला कोपऱ्यात चीर गेली आहे, उद्या बदलायला टाकतो.

मघाशी मुलगी अभ्यासातून उठून आली. म्हणाली, "बाबा, हे कोण?" तिला सगळं सांगितलं. पुनवत, मोतीबाग, जाकार्ता. मग सायकल, पंक्चर, काठी. तिचं मनगट धरून, मान दाबून घुटना कसा ठेवतात तेही दाखवलं. सुटायला तिनं बरीच धडपड केली. मग केस सारखे करत तिनं विचारलं, "आजोबा कुठं बसले होते?"

मी म्हणालो, पहिल्या रांगेत. अगदी हौद्याच्या काठावर.