ते गव्हांकुर नाहीत, पावाचे काप आहेत

गेल्या रविवारी मावशीकडे गेले, तर तिच्या दोन्ही गोळ्या बंद. रक्तदाबाचीही आणि साखरेचीही. विचारलं तर तिनं भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला. इजिप्तच्या थडग्यातल्या एका कोरीव शिळेचा फोटो, आणि खाली मुद्दे: ते लोक शुद्ध शाकाहारी होते, त्यांच्या ताटात गव्हांकुर असत, म्हणून त्यांना हृदयविकार नव्हता, थडग्यातला गहू तीन हजार वर्षांनीही उगवला, आणि तो गहू म्हणजे आपली खपली. तेव्हा खपली खा, गोळ्या सोडा.

आधी फोटो. ती गिझाची नेफरतिआबेतची शिळा आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बिबट्याच्या कातड्याचा पेहराव केलेली ही राजघराण्यातली बाई मेजाकडे हात करून बसली आहे. मेजावर उभी पाती दिसतात, तेच म्हणे गव्हांकुर! अहो, ते पावाचे काप आहेत. मातीच्या साच्यात भाजलेले उंच पाव मधोमध चिरून उभे मांडलेले. पुढे कारागीर ते इतके निमुळते कोरू लागले की बोरूची पानं वाटावीत. अशा शिळांवर मृतासाठी ठरलेलं मागणं कोरलेलं असतं: हजार पाव, हजार बिअर, हजार बैल, हजार पक्षी. कमळाच्या रोपाचं चिन्ह म्हणजे हजार. थडग्यापाशी नैवेद्य येणं थांबलं तरी कोरलेल्या अन्नावर मृताचं भागावं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते शब्द नुसते म्हटले तरी त्याला मिळावं, ही त्यामागची श्रद्धा. रोजच्या जेवणाचा तक्ता नव्हे तो.

बैल आणि पक्षी त्या मागण्यातच आहेत, म्हणजे शाकाहाराचं काय ते कळलंच. इजिप्तमधल्याच सक्कारा इथल्या थडग्यांत तर पाय बांधून आडवा केलेला बैल, त्याची पुढची तंगडी कापणारा खाटीक आणि शेजारी सुरीला धार लावणारा, हे सगळं भिंतीवर आहे. तुतनखामून राजाच्या थडग्यात पेट्या भरून मांस निघालं.

आता ज्या मुद्द्यापायी मावशीनं गोळ्या सोडल्या, तो. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रोझली डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी असाच नैवेद्य तपासला. देवळात देवापुढे ठेवलेलं गोमांस, हंस, पाव नंतर पुजारी आणि त्यांच्या घरचे खात. देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या याद्यांवरून त्यांनी दाखवलं की त्या अन्नात चरबी भरपूर होती, आणि त्या वर्गातल्या ममींच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळतात. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात इजिप्तच्या ७६ ममींपैकी २९ जणांत हा विकार निश्चित किंवा संभाव्य दिसला. ज्यांना हृदयविकार नव्हता म्हणून छातीठोक सांगता, त्यांच्याच धमन्यांत कॅल्शियम साचलेलं आहे! आणि त्यांच्या भरवशावर माझ्या सत्तरीच्या मावशीनं रक्तदाबाची गोळी सोडायची?

खपलीचं मात्र खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. इजिप्तमध्ये पाव आणि बिअर ज्या गव्हाची होई तो आणि आपल्या सांगली-साताऱ्याकडची खपली एकाच जातीचे. मळणीनंतरही टरफल न सोडणारा गहू. चवीला छान, खुशाल खा. पण गहूच तो, त्यानंही साखर वाढते. गोळीची जागा तो घेत नाही.

राहता राहिला उगवलेला गहू. ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यांनी थडग्यातले खरे दाणे लंडनच्या क्यू उद्यानात पेरायला दिले होते. एकही उगवला नाही, मातीत त्यांचा भुगा झाला.

मावशीला सोमवारी डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वरचा १७८ निघाला. ज्यांनी मेसेज टाकला त्यांनी हे त्याच ग्रुपवर टाकावं, तिथे मावशीच्या वयाच्या आणखी बऱ्याच बायका आहेत.