‘मूल म्हणजे आलेख नव्हे’ या संदेशाला उत्तर

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचे म्हणणे असे की, वर्तनोपचाराच्या, म्हणजे वागणे मोजून ते टप्प्याटप्प्याने बदलण्याच्या उपचाराच्या, सत्रात थेरपिस्ट नोंदीसाठी कागदावर खुणा करत बसल्याने मुलाकडे दुर्लक्ष होते, प्रगती आईच्या नजरेला आपोआप दिसते, महिनाभरात आकडे सुधारले नाहीत तर उपचार बंद करावेत, आणि मुळात मूल म्हणजे आलेख नव्हे.

आधी आईच्या नजरेविषयी. तिचे निरीक्षण मोलाचेच असते, पण आठवणीत ताजा आणि तीव्र प्रसंग वरचढ ठरतो. काल पाहुण्यांसमोर मुलाने आकांत मांडला असेल, तर आज ‘काडीचा फरक नाही’ असेच तोंडून निघते. समजा, एखादा मुलगा दिवसातून १२ वेळा किंचाळत असे आणि तीन महिन्यांनंतरही १२ वेळाच किंचाळतो. घरच्यांच्या लेखी सारे जैसे थे. मात्र पूर्वी प्रत्येक किंचाळणे ३ मिनिटे चाले आणि आता ते २० सेकंदांत थांबते, अशी नोंद असेल, तर दिवसभरातला ३६ मिनिटांचा आकांत ४ मिनिटांवर आल्याचे कळते. उलट बाजूही आहे: थेरपीच्या खोलीत अचूक रंग ओळखणारे मूल घरी गोंधळते, आणि घरची नोंद नसेल तर खोलीतल्या यशालाच आपण प्रगती समजून बसतो.

खुणा करण्याबद्दलचा आक्षेप काही ठिकाणी खरा आहे. थेरपिस्टची मान सत्रभर वहीतून वर न आल्याचे मीही पाहिले आहे. पण प्रत्येक क्षण टिपावा लागत नाही. ठरावीक दहा मिनिटांची पाहणी किंवा दर प्रसंगाला एक याप्रमाणे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलेले चिंचोकेही पुरतात. घरी तर तीन रकाने पुरे: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. ताट भिरकावल्यावर दरवेळी जेवणावरून उठायला मिळते, हे तिसऱ्या रकान्यातच सापडते.

महिन्याभराची अट मात्र घातक आहे. किंचाळल्यावर मोबाइल देणे थांबवले की किंचाळणे बऱ्याचदा आधी वाढते आणि मग उतरते. नेमक्या त्या चढाच्या आठवड्यात माघार घेतली, तर आणखी जोरात ओरडल्यावर मोबाइल मिळतो एवढेच मूल शिकते. उपचारापूर्वीचे काही दिवस मोजलेले नसतील, तर हा चढ ओळखताही येत नाही. आलेखाची रेषा बराच काळ सपाट राहिली, तर पद्धत बदलण्याची जबाबदारी थेरपिस्टवर येते. बेअर, वुल्फ आणि रिझ्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये या उपचारामागच्या उपयोजित वर्तन विश्लेषण या शाखेची चौकट मांडली, तेव्हापासून बदल आपल्या उपायानेच झाला हे दाखवून देणे उपचार करणाऱ्याकडूनच अपेक्षित आहे.

राहिला आलेख. हात फडफडवणे कमी झाल्याचा आलेख देखणा उतरेल, पण त्या निरुपद्रवी हालचालीने मुलाला शांत वाटत असेल, तर ती थांबवायचीच कशाला, असा प्रश्न प्रौढ स्वमग्न व्यक्ती विचारतात आणि तो रास्त आहे. पण तो मोजावे की नाही याविषयी नसून काय मोजायचे याविषयी आहे. म्हणूनच थेरपिस्टकडे नोंदींची वही मागताना मुलाने आपणहून काय मागितले, कशाला नकार दिला आणि सत्रात ते किती वेळ रडले, हे रकानेही पालकांनी मागावेत.