लोकाटाच्या पानांचा काढा आणि मुरमं

मुरमांवरच्या चिनी उपायांचा एक लेख वाचला. त्यात 'चिनी काढ्याने मुरमं मुळापासून जातात' एवढंच लिहिलंय, काढ्याचं नावच नाही. लोकाट या फळझाडाच्या पानांचा उल्लेख आहे त्यावरून हा 'पीपा छिंगफेई यिन' असणार. छिएनलुंग बादशहाच्या काळात १७४२ साली तयार झालेल्या सरकारी वैद्यकग्रंथात तो दिलाय. चिनी वैद्यकाच्या हिशेबात त्वचेचा कारभार फुप्फुसाकडे, म्हणून फुप्फुसातली उष्णता उतरवायची. त्यात लोकाटाची पानं, तुतीच्या मुळाची साल, हुआंगल्येन, हुआंगबाई (एका झाडाची कडू साल), जिनसेंग आणि ज्येष्ठमध असतं. हुआंगल्येन म्हणजे तोडलं की आतून पिवळंधमक दिसणारं महाकडू मूळ. त्यातलं बर्बेरिन हे पिवळं, कडू द्रव्य आपल्या दारुहळदीतही असतं.

लोकाटाच्या पानाखाली बारीक लव असते. ती घासून काढली नाही किंवा पानं फडक्यात बांधून उकळली नाहीत, तर घसा खाजतो. यूट्यूबवर पाहून घरी करणाऱ्यांना हे कोण सांगणार? शिवाय तिकडचे वैद्य रोगी पाहून घटक बदलतात, सगळ्यांना एकच पुडी देत नाहीत.

ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. गरोदर बायकांनी तर बर्बेरिनच्या वाटेला जाऊच नये.

पण मला खरी धास्ती 'हर्बल' क्रीमची. लंडनमध्ये त्वचारोगांसाठी दिलेली ११ चिनी क्रीम तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं (१९९९ची गोष्ट). हे स्टेरॉइड. चेहऱ्याला लावत राहिलं की त्यानेच मुरमं येतात! लेखाखाली ज्या क्रीमची लिंक दिलीय, तिच्यातले घटक संपादकांनी आधी छापावेत.