गुडमनचं श्रेय त्याच्या जागी राहू द्या

बेनी गुडमन या अमेरिकी जॅझ क्लॅरिनेटवादकाबद्दलचा एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. मतितार्थ असा: कुणी गुरू नसलेल्या गरीब पोराने क्लॅरिनेट हाती घेतली, स्विंग हे मोठ्या वाद्यवृंदाचं, नाचायला लावणारं जॅझ शोधून काढलं, 21 ऑगस्ट 1935 ला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात एका रात्रीत ‘स्विंगचा राजा’ झाला, कृष्णवर्णीयांना सोबत घेऊन वाजवणारा पहिला गोरा वादक ठरला, आणि स्विंगची लाट ओसरली तसा संपला. मला गुडमन जिवापाड आवडतो, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

गरिबी खरी. शिकागोतल्या बारा भावंडांत तो नववा, बाप शिवणकाम करणारा. पण गुरू होता. फ्रान्झ शेप या शास्त्रीय शिस्तीच्या शिक्षकाकडे त्याने दोनेक वर्षं तालीम घेतली. जिमी नून आणि बस्टर बेली हे कृष्णवर्णीय वादकही याच शेपचे शिष्य. बेली आणि गुडमनला तो शेजारी बसवून जोडीने वाजवायला लावायचा. वर्णभेद पाळणाऱ्या त्या शहरात!

स्विंग त्याने शोधलं नाही. ते फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या वाद्यवृंदात आधीच घडत होतं. पितळी वाद्यांनी हाक द्यायची, सॅक्सोफोननी ओ द्यायची, ही बांधणी हेंडरसनची आणि त्याच्या वाद्यवृंदासाठी रचना बांधणाऱ्या डॉन रेडमनची. जेली रोल मॉर्टन या कृष्णवर्णीय पियानोवादकाची ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही रचना हेंडरसनने 1928 मध्येच ध्वनिमुद्रित केली होती. पुढे त्याचा वाद्यवृंद पैशाअभावी मोडकळीला आला आणि त्याच्या रचना गुडमनने विकत घेतल्या. त्या ‘लेट्स डान्स’ या रेडिओ कार्यक्रमातून महिनोन्महिने वाजल्या. कार्यक्रम लागायचा तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्र बरीच झालेली असायची, पण घड्याळ तीन तास मागे असलेल्या कॅलिफोर्नियात तरुण मंडळी जागी असायची. म्हणजे त्या ऑगस्टच्या रात्री पॅलोमारमध्ये जो जल्लोष झाला, त्याच्यामागे काही महिन्यांचं ऐकणं होतं.

मग गुडमनचं स्वतःचं काय? सूर. खालच्या पट्टीत लाकडासारखा ऊबदार, वर गेला तरी न चिरकणारा. हवा तेव्हा मुद्दाम खरखरीत केलेला. जानेवारी 1938 मधलं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलचं ‘सिंग सिंग सिंग’ काढून ऐका. इतका वेळ सगळा वाद्यवृंद गर्जत असतो. मग जीन क्रूपाचा ड्रम खाली घुमत राहतो, गुडमन एकटाच पायरी पायरीने वर चढतो आणि शेवटचा तार सूर फुंकर घातल्यासारखा हळू सोडतो. पाठोपाठ जेस स्टेसीचा न ठरवलेला पियानो येतो. हा भाग मी शेकडो वेळा ऐकला असेन. त्या सुराला अजूनही श्वास अडकतो.

कृष्णवर्णीयांबरोबर वाजवणारा ‘पहिला’ गोरा म्हणणंही चूक. मॉर्टनने 1923 मध्येच न्यू ऑर्लिन्स रिदम किंग्ज या गोऱ्या चमूबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. गुडमनने 1936 मध्ये टेडी विल्सन या कृष्णवर्णीय पियानोवादकाला शिकागोच्या काँग्रेस हॉटेलात प्रेक्षकांसमोर आणलं, मग लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय व्हायब्राफोनवादकाला घेतलं. हे धाडसच. पण तेव्हा विल्सन फक्त गुडमनच्या छोट्या त्रिकुटात वाजवायचा, मुख्य वाद्यवृंदाच्या पियानोवर स्टेसीच असायचा. हेही सांगायला हवं.

आणि ‘संपला’? 1938 मध्ये त्याने बुडापेस्ट चौकडी या शास्त्रीय तंतुवाद्य चमूबरोबर मोझार्टची रचना ध्वनिमुद्रित केली. बार्टोक आणि नंतर कोपलंड या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकारांकडून क्लॅरिनेटसाठी नव्या रचना लिहवून घेतल्या. आज त्या जगभर वाजतात. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती 1949 ची गोष्ट. तोवर वरचे दात माउथपीसवर (तोंडात धरायच्या टोकावर) टेकवून आणि खालचा ओठ रीडखाली (त्या टोकाच्या थरथरणाऱ्या पातळ पट्टीखाली) दुमडून तो वाजवत आला होता. रेजिनाल्ड केल या इंग्लिश वादकाकडे जाऊन त्याने ही पकड बदलली: आता वरचाही ओठ दातांखाली दुमडायचा. दातांचा आधार गेला की ओठ लवकर थकतात, ओळखीचा सूरही परका वाटायला लागतो. चाळिशीला टेकलेला, जगाने राजा म्हटलेला माणूस पुन्हा शिकवणीला बसला होता.