खेळण्याचा आकार आधी बघा
एका लेखात कुत्र्यासाठी सुट्टीतली भेट म्हणून शिट्टीवालं कापडी खेळणं आणि बॉल सुचवलाय, पण आकाराबद्दल अवाक्षर नाही. बॉल तोंडात पूर्ण मावत असेल तर तो घशात अडकून श्वास कोंडू शकतो, म्हणून दाढांच्या मागे सरकणार नाही एवढा मोठाच घ्या. चघळायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटली नाही तर ती दातांसाठी फार कडक. शिंगं आणि हाडांनी दाढेचा टवका उडतो तो यामुळेच. कापडी खेळण्याची शिवण उसवली की लगेच काढून घ्या, नाहीतर आतली शिट्टी आणि कापूस पोटात जाऊन आतडं तुंबतं. खाऊ दिवसभराच्या कॅलरीच्या १० टक्क्यांतच. पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना, हे आवर्जून वाचा; त्याच्या थोड्याशानेही कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम घसरते.